टॉवेलवाली खुर्ची

ते प्रकरण आजही मनातून जात नाही. प्रकरण म्हणतो खरा, पण कागदावर ते कधी झालंच नाही. त्याला गुन्हा क्रमांक नाही, केस डायरी नाही, आरोपपत्र नाही. नोकरीतल्या खुनाच्या आणि दरोड्याच्या केसेस मी अजून क्रमाने सांगू शकतो, कारण त्यांचे कागद कुठल्या तरी कपाटात आहेत. याचा कागद नाही, म्हणून लिहून ठेवतो. नाव कुणाचंच घेणार नाही.

नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यातल्या एका तहसीलच्या गावी मी थाना प्रभारी, म्हणजे ठाणेदार होतो. आमचं घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं. घरात मराठी आणि ठाण्यात हिंदी, अशी सगळी नोकरी गेली. बाहेरच्या लोकांना आमचा जिल्हा म्हटलं की जंगल आणि नक्षलवाद्यांमागचं सर्चिंग आठवतं, पण ठाण्याचा दिवस साधा असतो. सकाळची गणना म्हणजे हजेरी, बांधावरची भांडणं, हरवलेल्या मोबाइलचे अर्ज, बाजाराच्या दिवशी बंदोबस्त. असाच एक बाजाराचा दिवस होता. जवान सगळे बाजारात, आणि मी रोजनामचा, म्हणजे ठाण्याची डायरी, चाळत बसलो होतो. तेवढ्यात अध्यक्षपती आले.

हा शब्द समजावून सांगायला हवा. महाराष्ट्रात जी पंचायत समिती, ती आमच्याकडे जनपद पंचायत. तिचा सभापती तो आमचा अध्यक्ष. त्या वेळी ती जागा महिलेसाठी राखीव होती आणि एक बाई निवडून आल्या होत्या. कारभार त्यांचे पती पाहायचे. लोक त्यांना अध्यक्षपती म्हणत, आणि हे म्हणताना कुणी हसतही नसे, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं.

गृहस्थ तसे वाईट नव्हते. कुणाच्या मयतीला जाणार, कुणाला गाडी काढून दवाखान्यात नेणार. त्या दिवशी मात्र चेहरा काळवंडलेला होता. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

“भाईसाहब, ये देखिए. और पढ़कर सुनाइए भी, क्योंकि हमारे लड़कों को पूरी समझ में नहीं आती.”

ते फेसबुकवरचं एक पान होतं. नाव होतं ‘टॉवेलवाली खुर्ची’. भाषा आमच्या सीमेवरची मराठी, बोलतात तशीच लिहिलेली. अध्यक्षांच्या दालनातल्या खुर्चीचा फोटो, पाठीवर पांढरा टॉवेल, आणि खाली मजकूर: ‘टॉवेल आला, सभा सुरू करा. बाई घरी आहेत, पन त्याहिची हजेरी लागली आहे.’ दुसरा फोटो एका बोअरवेलचा, खाली: ‘या बोरिंगचं उद्घाटन तीनदा झालं. पानी एकदाबी नाही आलं.’ तिसऱ्यात टॉवेलच्या बाजूला त्यांचाच अंगठीवाला हात दिसत होता, फोन धरलेला. खाली लिहिलं होतं: ‘बाईले काही विचाराचं असन तर टॉवेलले विचारा.’

मला हसू आलं होतं, हे आज कबूल करतो. तेव्हा मी ते मिशीत दाबलं.

एवढ्या वर्षांत माणसांबद्दल एक गोष्ट पाहिली आहे. ज्याला रोज चार लोक नमस्कार करतात, तो शिवी सोसतो, पण हसणं सोसत नाही. शिवी देणारा एकटा असतो, हसणारं सगळं गाव असतं.

त्यांनी टाइप केलेला अर्ज दिला. अर्ज पत्नीच्या नावाचा, खाली पत्नीची सही. एका लोकनिर्वाचित महिलेचा अपमान, पदाची बदनामी, समाजात तेढ, असं बरंच काही लिहिलं होतं. आयटी कायद्याचं जे कलम टाकलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं केव्हाच रद्द केलेलं होतं. टाइप करणाऱ्यानं कुठल्या तरी जुन्या अर्जावरून उतरवलं असणार. मी सांगितलं, “यह धारा अब है ही नहीं. और बदनामी का मामला सीधे अदालत में लगता है, थाने में नहीं.”

“तो आप कुछ नहीं करेंगे?”

“जाँच करेंगे.”

हा आमचा ठरलेला शब्द. तासाभरात वरिष्ठांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. थकल्यासारखं बोलले. “निवडणुकीचा काळ जवळ आहे, जरा बघून घ्या. कोण आहे ते शोधा, एक माफी घ्या, विषय संपवा.” मी ‘हो सर’ म्हटलं. बोलणाऱ्यालाही माहीत होतं आणि ऐकणाऱ्यालाही, की गुन्हा नाही.

सायबर सेलला पत्र पाठवलं. उत्तर यायला किती दिवस लागतात ते ठाऊक होतं, शिवाय गुन्हाच दाखल नसताना कंपनी माहिती देणार कशाला? म्हणून जुनी पद्धत वापरली. मुखबिराला सांगितलं. मुखबिर म्हणजे आमचा खबऱ्या, चौकातला पानठेलेवाला. गावाची सगळी खबर त्याच्याकडे थांबून पुढे जायची.

दोन दिवसांनी तो आला. “साहेब, अशी मराठी टाइप कराले या गावात एकच जन जानते. बौद्ध मोहल्ल्यातला ऑनलाइन सेंटरवाला. मागच्या साली पान्याचं बी त्यानंच लिहिलं होतं.”

खबर ऐकायला बरोबर होती. आमच्याकडची तरुण पोरं हिंदीत लिहितात. मराठी टायपिंगचं काम फक्त गोंदियाकडचे दाखले आणि अर्ज करणाऱ्याला पडतं. आणि पाण्याचं त्यानं लिहिलं होतं, तेही खरं. त्याच्या मोहल्ल्यातल्या नळाला गढूळ पाणी येत होतं, त्याचे फोटो त्यानं टाकले होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्याला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेन. नोटीस दिली नाही. रोजनामच्यात नोंद केली नाही. ‘चौकशीला बोलावलं’, एवढंच. त्याचे दोन्ही फोन मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवले आणि दुकानातला संगणक बंद करून शिपाई बसवला.

“मराठी टायपिंग येतं?” मी विचारलं.

“हौ साहेब. धंदाच आहे.”

“हे पान तू चालवतोस?”

“नाही.”

“मग कोण?”

“मले माहीत नाही. वाचतो मात्र. सारेच वाचतात. तुमीबी वाचलं असन.”

“पाण्याचं कोणी लिहिलं होतं?”

“मीच. खाली माहं नाव होतं, दुकानाचा पत्ता होता.” तो शांतपणे माझ्याकडे पाहत होता. “मले जे लिहाचं असते ते मी नावानं लिहितो. लपून काहून लिहू?”

हे उत्तर खरं आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. चौकशीत खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, शपथा घेतो, मुलाबाळांची आण घालतो. हा मोजकं बोलत होता. पण मला खरं शोधायचं नव्हतं, विषय संपवायचा होता. मी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं बाकावर बसवून ठेवलं. माणसाला दिवसभर बाकावर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला तो दिसत राहिला, की मारण्याची गरज पडत नाही. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, आपोआप येतं.

बाराच्या पुढे त्याच्या मोहल्ल्यातल्या बाया ठाण्यासमोर येऊन बसल्या. त्यात त्याची म्हातारी आईही होती. एकीनं मला फाटकाशी विचारलं, “आमच्या भावाले काहून आनलं?”

“विचारपूस आहे. सोडतो संध्याकाळी.”

“विचारपूस त पान्याचीबी कराची होती तुमी,” ती म्हणाली आणि परत जाऊन बसली.

तीनच्या सुमारास मी त्याला सांगितलं, माफीचा एक व्हिडिओ दे आणि घरी जा. नाहीतर संगणक जप्त करून तपासणीला पाठवावा लागेल, तो वर्षभर परत येणार नाही. हे सांगताना मी खोटं बोलत नव्हतो. तपासणीला गेलेला संगणक खरंच वर्षभर येत नाही. तो बराच वेळ खिडकीतून आईकडे पाहत राहिला. उन्हात तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला होता.

“कोन्त्या चुकीची माफी मागू?” त्यानं विचारलं.

आरक्षक, म्हणजे आमचा शिपाई, मोबाइल धरून उभा होता. तो म्हणाला, “बस, गलती बोल दो. कौन सी, मत बोलो.”

आणि तो तसंच बोलला. हिंदीत, तीन वाक्यं. माझ्याकडून चूक झाली, मी माफी मागतो, पुढे असं होणार नाही. मागे ठाण्याची पाटी दिसत होती. व्हिडिओ अध्यक्षपतींना पाठवला. त्यांच्या माणसांनी तो पाच मिनिटांत गावातल्या सगळ्या ग्रुपवर टाकला.

तो अजून माझ्यासमोर बसलेला होता, त्याचे फोन अजून माझ्या खणात होते, तेव्हा आमच्या ठाण्यातली महिला उपनिरीक्षक आत आली आणि तिनं आपला मोबाइल माझ्यापुढे केला. पानावर नवा मजकूर आला होता, दहा मिनिटांपूर्वी. ‘ज्याले पकडलं त्यानं नाही लिहिलं. त्या मानसाले सोडा. टॉवेल अजून खुर्चीवरच आहे.’

मी तो मजकूर त्याला वाचून दाखवला. त्यानं फक्त विचारलं, “आता जाऊ का?”

मी खण उघडून फोन दिले. माफी मागितली नाही. त्या खुर्चीवरून आम्ही माफी घेतो, देत नाही, असा काहीतरी समज असावा.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण पोलिसाला उत्सुकता असते, आणि मला लाजही वाटत होती. दुसऱ्या दिवशी मी जनपद कार्यालयात गेलो. अध्यक्षांचं दालन रिकामं होतं. शिपायाला सांगून उघडून घेतलं आणि फोटो समोर धरून जागा शोधू लागलो. खुर्चीचे दोन्ही फोटो एकाच बाजूने, खालून वर काढलेले होते. कडेला हिरव्या कपाटाची मूठ आली होती. ती मूठ अशी दिसेल अशी एकच जागा होती: कपाट आणि खिडकी यांच्यामधली प्लॅस्टिकची खुर्ची. मी तिच्यावर बसून पाहिलं. मोठी खुर्ची बरोबर फोटोतल्यासारखी दिसली.

“इथं कोण बसतं?” मी शिपायाला विचारलं.

“मॅडम, साहेब. सभेच्या दिवशी येतात, तर इथंच बसतात. सह्या कराले.”

“आणि दुसरं कोणी?”

“साहेब असले म्हणजे आत कोणी बसत नाही.”

तिसऱ्या फोटोत अध्यक्षपतींचा हात होता. म्हणजे फोटो काढणारं माणूस ते हजर असताना या कोपऱ्यात बसलेलं होतं. त्यांना दिसलं कसं नाही, हा प्रश्न मला पडला नाही. त्या बाजूला ते बघतच नसत.

बाईंचं माहेर गोंदियाकडचं. शाळा मराठीतून, बारावीपर्यंत. हे मला निवडणुकीच्या वेळच्या कागदांवरून ठाऊक होतं, फक्त आठवलं नव्हतं.

अर्ज त्यांच्या नावाचा असल्यामुळे जबाब त्यांचाच घ्यावा लागणार होता. महिला उपनिरीक्षकाला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. अध्यक्षपती शेजारी बसू लागले. मी म्हटलं, “महिला का बयान है, आप बाहर बैठिए.” असा नियम सगळ्या प्रकरणांत नसतो, पण मी इतकं ठामपणे म्हटलं की ते उठले.

बाई पंचेचाळिशीच्या असतील. डोक्यावर पदर, हातात चहाचा ट्रे. त्यांनी ट्रे ठेवला आणि समोर बसल्या. अर्ज त्यांच्यापुढे सरकवून मी विचारलं, “ही सही तुमची?”

“सही माहीच आहे. वाचाले नाही भेटला.”

“यात लिहिलंय की त्या पानामुळे तुमचा अपमान झाला.”

त्यांनी अर्ज पहिल्यांदाच वाचला. ओळ न् ओळ, बोट ठेवून. मग म्हणाल्या, “साहेब, त्या पानावर माह्याविरुद्ध एक शब्द आहे का? दाखवा.”

नव्हता.

“ते सेंटरवाले भाऊ घरी गेले का?”

“गेले.”

“त्याहिचा व्हिडिओ काहून बनवला? त्याहिनं काय केलं होतं?”

महिला उपनिरीक्षकानं मान खाली घातली. बाईंचा आवाज हळू होता, पण थरथरत नव्हता. “तीन वर्षं झाली निवडून येऊन. सभेत एकदा बोलाले उभी राह्यली, त यायनं सांगितलं, मॅडमची तब्येत ठीक नाही, आणि मले गाडीत बसवून दिलं. तवापासून लोक मले तब्येतच विचारतात. माही तब्येत चांगली आहे, साहेब.” बाहेरच्या खोलीत अध्यक्षपती कुणाशी तरी फोनवर बोलत होते. “तो मानूस माह्यापायी बसला तुमच्या बाकावर. मी आता जे आहे ते सांगून टाकतो. लिहून घ्या.”

आमच्याकडच्या कितीतरी बाया ‘मी करतो, मी सांगतो’ असंच बोलतात. ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

मी हात वर केला. “ताई, काही सांगू नका. सांगितलंत तर मला लिहावं लागेल. लिहिलं तर तो कागद या घरात वाचला जाईल.”

“मंग त्या भावाचं नाव कसं साफ होईन?”

मी म्हटलं, “ते मी बघतो.”

जबाबात चार ओळी लिहिल्या. अर्ज मी वाचून पाहिला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, कारवाई नको. त्यांनी सही केली. उठताना त्या म्हणाल्या, “तुमीबी मले बोलू नाही देल्लं.” रागानं नाही, नुसतंच.

जबाब वाचून अध्यक्षपतींचा पारा चढला, पण अर्जदारच नको म्हणते म्हटल्यावर अर्ज निकाली काढण्यावाचून इलाज नव्हता. संध्याकाळपर्यंत ते पान फेसबुकवरून नाहीसं झालं. त्यांनी स्वतः काढलं, की घरात काही झालं, मला कळलं नाही. मी विचारलं नाही. पुढच्या सभांना बाई आल्या नाहीत. कार्यवाहीच्या वहीत ‘तब्येत ठीक नसल्याने अनुपस्थित’ असं लिहिलं जायचं. महिला उपनिरीक्षक दोनदा काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घरी जाऊन आली. ठीक आहेत, कमी बोलतात, एवढं तिनं सांगितलं.

आठवड्याभरानं सेंटरवाला ठाण्यात आला. या वेळी स्वतःहून. हातात एक लिहिलेला अर्ज होता.

“साहेब, एक कागद द्या. की ते पान मी चालवत नव्हतो. लोक दुकानात येतात आणि हसतात. माह्या पुतनीच्या सासरपर्यंत व्हिडिओ गेला.”

मी त्याला बसवलं आणि खरं सांगितलं. गुन्हा दाखलच झाला नाही, मग निर्दोष असल्याचा कागद कसा देणार? रोजनामच्यात तुझ्या येण्याची नोंद नाही. सरकारी कागदांच्या हिशेबानं तू त्या दिवशी या ठाण्यात आलाच नव्हतास.

“पन मी त आलतो,” तो म्हणाला. अर्जाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली आणि गेला.

मी बाईंना ‘बघतो’ म्हटलं होतं. दोन-तीन ग्रुपच्या लोकांना व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. त्यांनी काढला. तोपर्यंत तो दुसऱ्या वीस जागी गेला होता. आणि तो का काढला, हे कुणाला कळणार? मी लाउडस्पीकर लावून गावात सांगू शकलो असतो की आमची चूक झाली. त्यासाठी कुठल्या परवानगीची गरज नव्हती. मी ते केलं नाही. वर्षभरात माझी बदली परसवाड्याकडे झाली.

जाण्याआधी एक गोष्ट लक्षात आली होती. त्या मोहल्ल्यातून खबर येणं थांबलं. तिथे एका घरात चोरी झाली. दिवसाढवळ्या झाली, चार जणांनी पाहिलं असणार. आम्ही दारोदार फिरलो. “आमी नाही पाह्यलं, साहेब,” एवढंच उत्तर. ठाणं चालतं ते लोकांच्या बोलण्यावर. वायरलेस, गाड्या, सायबर सेल, सगळं नंतर. लोक सरकारला टोचून बोलतात त्याच तोंडानं आम्हाला खबर देतात. ते तोंड आम्ही एका ठिकाणी दाबलं, की दुसऱ्या ठिकाणी उघडत नाही. ही चोरी अजून उघड झालेली नाही.

त्या प्रकरणातून काय शिकलो, असं कोणी विचारलं तर मोठं काही सांगता येत नाही. लोकशाहीत बोलण्याचा हक्क आहे, हे मला प्रशिक्षणातही शिकवलं होतं आणि परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं होतं. जे शिकवलं नव्हतं ते एवढंच, की जो नावानिशी बोलतो तोच पोलिसाला आधी सापडतो. लपून बोलणाऱ्याला शोधायला मेहनत लागते, उघड बोलणाऱ्याचा पत्ता खालीच लिहिलेला असतो. आम्ही त्याला उचलतो, आणि मग बाकीचे लपून बोलायला शिकतात. मी बाईंना वाचवलं, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्या खोलीत कदाचित मी स्वतःलाही वाचवत होतो. त्या बोलल्या असत्या तर त्यांचं जे व्हायचं ते झालं असतं, पण एका माणसाचं नाव साफ झालं असतं, आणि मला माझी चूक लिहावी लागली असती. यातलं बरोबर कोणतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

आता मी बालाघाटला राहतो. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वर्षी घराजवळच्या नव्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. रांग होती. माझा नंबर आला तेव्हा समोरच्या माणसाच्या खिशात दोन पेन दिसले आणि मी ओळखलं. त्यानंही ओळखलं. तिकडचं दुकान बंद करून इकडे आलो, असं विचारल्यावर सांगितलं. आई गेली, तेही सांगितलं.

मशीन माझा अंगठा घेत नव्हतं. वयानं रेषा झिजतात. त्यानं ओल्या रुमालानं माझा अंगठा पुसला, पुन्हा दाबून धरला.

मी विचारलं, “आता काही लिहिता की नाही तुम्ही?”

त्याला पहिल्यांदाच मी ‘तुम्ही’ म्हणत होतो.

त्यानं स्क्रीनवरून नजर काढली नाही. मागे रांगेत लोक उभे होते.

“दुसरा अंगठा ठेवा, साहेब,” तो म्हणाला.